वेशीबाहेरच्या सरपंचांना

प्रति,
सरपंच, हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे

सरपंच ताई, सरपंच भाऊ,

तुमची-माझी ओळख नाही. मी राहते तुमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. सिंहगड रस्ता संपत येतो, डाव्या हाताचा डोंगर जवळ सरकतो आणि खडकवासल्याच्या भिंतीची रेघ दिसायला लागते, तिथल्या एका गावात. गाव म्हणायची आता सोय नाही म्हणा. ३० जून २०२१ पासून आम्ही शहर आहोत.

त्या दिवशी शासनाने एका अधिसूचनेने २३ गावं पुणे महापालिकेत घातली. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ घातली होती. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं, असे मथळे पेपरात आले. ते वाचून माझ्या नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आता टँकर बंद ना?" मी हो म्हटलं. मी आमच्या सोसायटीची सचिव आहे, लोकांना धीर द्यायची सवय लागून जाते.

तुमची सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, ही चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. पावसाळ्यात आयटी पार्कातल्या रस्त्यांचे ओढे झाले की ती नव्याने सुरू होते. सोसायट्यांतले लोक म्हणतात, एकदाचं पालिकेत घ्या. गावातले लोक बिचकतात. दोघांचंही मला पटतं आणि म्हणूनच लिहायला बसले. नांदायला गेलेली थोरली बहीण लग्न ठरू घातलेल्या धाकटीला सांगते, तसं समजा. थोरली सासरची निंदा करते असं नाही. पण देण्याघेण्याच्या बैठकीत काय बोलायचं राहून गेलं, ते तिला आता कळलेलं असतं.

पाण्याचं आधी सांगते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी साठवतात आणि पुण्याची तहान प्रामुख्याने त्यांवर भागते. त्यातलं खडकवासला १८७९ सालचं. आमच्या गच्चीवरून संध्याकाळी त्याचं पाणी चकाकताना दिसतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना कौतुकाने वर नेतो, ते फोटो काढतात. शेजारीच आमची पाण्याची टाकी असते आणि उन्हाळ्यात ती ठणठण वाजते. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण शाळेत वहीत उतरवून घेतली होती, ती अशी राहायला येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे एक टँकर वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. रकाने मीच आखले: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती लिटर, सही, शेरा. ८४ फ्लॅटना उन्हाळ्यात दिवसाला दहा हजार लिटरचे चार टँकर लागतात. एप्रिल-मेमध्ये पाणीखर्च महिन्याला सव्वा लाखाच्या पुढे जातो. शेरा या रकान्यात वॉचमनकाका लिहितात: 'अर्धा भरलेला', 'गढूळ', 'ड्रायवर नवीन', 'आला नाही'. एका पानावर नुसतं 'वास' लिहिलंय. ती नोंद जानेवारी २०२५ ची.

त्या जानेवारीत गियाँ-बारे सिंड्रोमची (जीबीएस) साथ आमच्याच पट्ट्यात आली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदोशी ही नावं टीव्हीवर लाल वर्तुळात दिसू लागली. हातपाय लुळे पडायचे, काही जणांना व्हेंटिलेटर लागला. बाधित आणि संशयित मिळून दोनशेहून जास्त रुग्ण झाले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. केंद्राचं पथक आलं, विहिरीचं पाणी तपासलं, खासगी आरओ केंद्रं बंद झाली. आणि मग सोसायटीच्या सभेत एका आजोबांनी मला साधा प्रश्न विचारला, "आपला टँकर कुठल्या विहिरीवर भरतो?"

वहीत गाडीचा नंबर होता, सही होती. विहिरीचा रकाना मी आखलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून ओटीची बाटली आणली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, दोनचार थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमचं पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. इतकं स्वच्छ पाणी बघून मला कधी भीती वाटली नव्हती. ग्रामपंचायत होती तेव्हा पाण्यात क्लोरीन टाकायचं काम एक शिपाई करायचा. सायकलला टीसीएल पावडरची पिशवी अडकवून विहिरीवर जायचा आणि पांढऱ्या हातांनी परत यायचा. तो माणूस विलीनीकरणानंतर कुठे गेला, कुणाला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिल्डरने पाण्याची सोय नको का करायला? करायची होतीच. सोसायटीचे कागद चाळताना मला स्टँप पेपरवरचं हमीपत्र सापडलं: सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत विकसक स्वखर्चाने पाणी देईल. खाली सही, शिक्का, सगळं. असल्या हमीपत्रांवर शहराच्या कडेकडेने किती मजले उभे राहिले, ते तुमच्याच खिडकीतून मोजा. आमच्या बिल्डरने सोसायटीचा ताबा दिला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. त्याच्या पुढच्या प्रकल्पाचं होर्डिंग मात्र आमच्या चौकात लागलंय, त्यावर धबधब्याचं चित्र आहे.

पण पाणी हा या पत्राचा विषय नाही. पाणी आज ना उद्या येईल. नळ टाकणं हे पैशाचं आणि पाइपांचं काम आहे, पाच वर्षांनी होईल, दहा वर्षांनी होईल. जे गेलं आणि परत येणार नाही, ते मला तुम्हाला सांगायचंय. त्यासाठी मे महिन्यातली एक रात्र सांगते.

रात्रीचे अकरा वाजले होते. आमचा टँकर दुपारी चारला यायचा होता. गल्ली एवढी अरुंद की टँकर शिरला की बाकी सगळं थांबतं. पलीकडच्या सोसायटीलाही दोन दिवस पाणी नव्हतं. त्यांची दहाबारा माणसं खाली आली आणि टँकरसमोर उभी राहिली, आधी आम्हाला द्या म्हणून. आमची माणसं गेटमधून बाहेर आली. बर्म्युडा घातलेले, कंपनीचे आयकार्ड अजून गळ्यात असलेले, एरवी लिफ्टमध्ये 'आफ्टर यू' म्हणणारे गृहस्थ. कुणीतरी पाइप ओढला, कुणीतरी ड्रायव्हरची कॉलर धरली. तो पोरगा विशीतला असेल. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, हे मला नंतर कळलं. पाणी नाही म्हणून गाव सोडून आलेला पोरगा इथे पाणी वाटत होता आणि मार खात होता. ११२ ला फोन झाला, मोटारसायकलवरून दोन पोलीस आले, त्यांनी पाणी निम्मं-निम्मं वाटून दिलं. शेरा या रकान्यात वॉचमनकाकांनी लिहिलं, 'भांडण. ५०००'.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि गावातली जुनी ग्रामसभा आठवत राहिली.

ग्रामसभेला मी पहिल्यांदा गेले ती २ ऑक्टोबरला, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. शंभर माणसं असल्याशिवाय सभा भरत नाही म्हणून एक जण घराघरांतून लोक हाकत आणत होता. मी पाण्याचा विषय काढला. मागून एक जण म्हणाला, "ताई, तुमच्या सोसायटीतली मतं गावात आहेत का आधी? निम्म्यांची नावं तर सोलापूर, जळगावच्या यादीत." हशा पिकला. बरोबरच होतं त्याचं. पण सरपंचांना उठून उत्तर द्यावं लागलं. समोर बायका होत्या, त्यांच्यातल्या एकीने रिकामा हंडाच आणला होता आणि सरपंच बोलत असताना ती तो मधूनच वाजवत होती. सरपंच चिडले, ग्रामसेवकावर ओरडले, ग्रामसेवक विहिरीच्या मोटरवर घसरला. चार दिवसांनी मोटर बदलली. महिन्याभराने ती परत जळली, ते सोडा.

ग्रामपंचायत म्हणजे रामराज्य होतं असं मी म्हणत नाही. आमच्या ओढ्यावर भराव पडला तो ग्रामपंचायतीच्याच काळात. पाण्याचा टँकर कुणाच्या भाच्याचा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. विलीनीकरणाच्या तोंडावर काही ग्रामपंचायतींनी जी नोकरभरती केली, ती पुढे वादात सापडली. तुम्ही सरपंच आहात, आत काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पण रागाला पत्ता होता. मोटर जळली तर कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची, हे आमच्या कामवाल्या मावशींनाही माहीत होतं आणि तो माणूस दार लावून बसू शकत नव्हता, कारण संध्याकाळी त्यालाही पारावर यायचं असायचं.

पुढे काय झालं बघा. ३० जून २०२१ ला ग्रामपंचायत संपली. दप्तर गेलं. आमच्यासाठी नगरसेवकांची पोटनिवडणूक काही झाली नाही. १४ मार्च २०२२ ला शहरातल्या नगरसेवकांचीही मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे साडेचार वर्षं आमच्याकडे सरपंच नाही, सदस्य नाही, नगरसेवक नाही. लोकशाहीत राहून इतकी वर्षं कुणालाच न निवडता जगलेली माणसं बघायची असतील तर आमच्याकडे या, चहा पाजते. टँकरच्या पाण्याचा.

आता ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक आले. आमच्या प्रभागात चार आहेत. चार हा आकडा ऐकून मला आधी आनंद झाला होता. प्रत्यक्षात एकाला फोन केला की तो म्हणतो, पाणी दुसरे बघतात. दुसरे म्हणतात, ते गाव तिसऱ्यांकडे दिलंय. प्रभागही एवढा पसरलेला की चौघांपैकी कुणी आमच्या गल्लीत राहत नाही, संध्याकाळी पारावर भेटायचा प्रश्नच नाही. चार सासवांच्या घरात चहा कुणी टाकायचा, तसं होतं. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणायची. आमच्याकडे ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, क्षेत्रसभा म्हणजे काशीला असते ती का?

मधल्या साडेचार वर्षांत मी कार्यालयं पालथी घातली. त्यांची नावं घेत नाही, तिथली माणसंही आपल्यासारखीच, टँकरची वाट बघणारी. पण एकदा रस्त्यावरच्या एका खड्ड्यासाठी मला चार ठिकाणी पाठवलं. खड्डा कुणाच्या रस्त्यात आहे हेच ठरेना. हद्द एकाची, रस्ता दुसऱ्याचा, शेजारच्या कालव्याची जमीन तिसऱ्याची. गावं पालिकेत आली तरी बांधकामाच्या परवानग्या पीएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडेच राहिल्या होत्या, तेव्हा चौथा टप्पा तिकडे. शेवटी आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांनी रविवारी घमेलं, फावडं घेऊन तो मुरुमाने भरला. सोमवारी केबलवाल्यांनी तिथेच खोदलं.

हे तुम्हाला नवीन नाही. तुमच्याकडे तर एमआयडीसी, पीएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम आणि ग्रामपंचायत अशा चौघांच्या हद्दी एकाच चौकात येतात, वरून माण ते शिवाजीनगर मेट्रोचे खांब. टॉमटॉम या कंपनीने २०२४ च्या वाहतुकीची जागतिक यादी काढली, तीत पुणे संथपणात चौथं आलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. वरचे २२ सेकंद ज्याने मोजले त्याला एकदा संध्याकाळी सातला धायरी फाट्यावर किंवा तुमच्या शिवाजी चौकात उभा करायला हवा. तर हे सगळं एका छत्राखाली येईल, या आशेने तुमच्याकडचे आयटीवाले विलीनीकरण मागतात. त्यांची आशा चूक नाही. पिंपरी-चिंचवडच्या पालिकेचे रस्ते आमच्यापेक्षा रुंद आहेत, हेही मला दिसतं. कदाचित तुम्हाला नळ लवकर मिळेल.

तरी एक उदाहरण तुमच्यासमोर ठेवते. उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याचा कचरा तिथे १९८० च्या दशकापासून पडत आला. गावची विहीर बिघडली, हवेत वास, उन्हाळ्यात ढिगाऱ्यांना आगी. २०१७ च्या एप्रिलमध्ये अशीच आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे. शहरातल्या पेठांत, कोथरूडमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साठले आणि पुणेकरांना पहिल्यांदा कळलं की आपला कचरा कुठेतरी जातो. मुंबईपर्यंत बैठका झाल्या. त्या दोन गावांत तेव्हा ग्रामपंचायती होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गावं महापालिकेत आली. पुढे काय, तर मिळकतकर वाढला, पाणी तसंच, आणि गावकऱ्यांनी आम्हाला बाहेर काढा म्हणून मागणी लावून धरली. २०२२ च्या अखेरीस तशी घोषणा झाली, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत आत आणि बाहेर. याआधी १९९७ मध्येही ३८ गावं घेतली होती आणि विरोध झाल्यावर त्यातली बरीच वगळली. वगळलेल्यांतली काही पुन्हा घेतली. आमच्या पुण्याच्या हद्दीचा नकाशा बाजारात भाव न ठरलेल्या मेथीच्या जुडीसारखा, गिऱ्हाईक बघून एक काडी आत, एक बाहेर.

कराचं थोडक्यात. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने, मग दरवर्षी वीस टक्के चढत शेवटी पूर्ण दर, असा नियम होता. त्यावर ओरड झाली, शासनाने २०२४ मध्ये वसुलीला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे मी आमच्या सभेत तीनदा सांगितलं. तीनदा टाळ्या पडल्या.

तर परत रागाकडे येते, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. गेल्या वर्षी आमच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या एका रात्री फुटल्या. तीन दुचाक्यांवरून पोरं आली, हातात कोयते, दिसेल ती काच फोडत गेली. पुण्यात हे आता नवीन राहिलेलं नाही, महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या भागातली बातमी असते. सकाळी काचांचा खच झाडताना आमच्या मावशी म्हणाल्या, "यांना कुणी ओळखतच नाही हो." त्यांना म्हणायचं होतं की पोरं कुठली, कुणाची, काही कळत नाही. माझ्या मनात ते उलटं फिरत राहिलं. गावात कुणाचा पोरगा रात्री काय करतो ते चार घरांना ठाऊक असायचं, त्याच्या बापाला पारावर ऐकवलं जायचं. आमच्या गावाची वस्ती दहा वर्षांत किती पटींनी वाढली याचा अंदाज मला फक्त टँकरच्या संख्येवरून येतो. इतक्या माणसांत कुणी कुणाला ओळखत नाही, बोलायला जागा नाही, भरायला सभा नाही. कोयत्याची कारणं मोठी आहेत, ती मला एका पत्रात सुटणार नाहीत, आणि रस्ता चांगला झाला तर पोरं सुधारतील असलं काही मी म्हणत नाही. पण आमचे आयकार्डवाले गृहस्थ त्या आष्टीच्या पोराची कॉलर धरतात, तेव्हा मला वाटतं की ज्याच्यावर चिडायचं तो सापडत नाही म्हणून आपण हाताला लागेल त्यावर चिडतो. वॉचमनवर. झोमॅटोवाल्यावर. शेजारच्या सोसायटीवर. 'बाहेरून आलेल्यां'वर, जणू आम्ही इथेच उगवलो होतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे की विलीनीकरणाचा मसुदा निघाला, हरकती-सूचना मागवल्या, की रस्ता, पाणी, कचरा याबरोबर आणखी एक हरकत लेखी नोंदवा. ग्रामपंचायत बरखास्त झाल्यापासून पहिली निवडणूक होईपर्यंत आमच्या वतीने कोण बोलणार, त्याचं नाव आणि त्याला बसायची खोली कुठे, हे आधी ठरवा. क्षेत्रसभा पहिल्या वर्षापासून भरवू, तारीख अमुक, जागा तमुक, हे लिहून घ्या. लिहून घेतलेलं पाळतीलच असं नाही, आमचं हमीपत्र आहेच. पण कागद असला की भांडायला धार येते. दुसरं, ग्रामपंचायतीचं दप्तर जाण्याआधी त्याची नक्कल काढा. विशेषतः पाइपलाइन कुठून गेलीय, व्हॉल्व्ह कुठे आहेत, कोणता ओढा कुठे गाडला, हे गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून नकाशावर काढून घ्या. तुमच्याकडे ओढ्यांची किंमत जून महिन्यात कळते. आमच्याकडे ही माहिती एका माणसाच्या डोक्यात होती आणि सुदैवाने तो माणूस अजून आहे.

सोसायट्यांतल्या तुमच्या लोकांनाही माझा निरोप द्या. म्हणावं, ग्रामसभेला जा. तिथे तुमचं हसं होईल, इंग्रजी शब्द आला की कुणीतरी मागून नक्कल करेल, खुर्ची मिळणार नाही. तरी जा, मतदारयादीत नाव इथे आणा. आम्हाला आता तसं जायला जागा नाही. बोलावलंत तर मी येईन, मागे बसेन, बोलणार नाही.

हे पत्र लिहून झालं असं वाटलं तेव्हा घरपट्टीची जुनी पावती शोधत होते, आकडे तपासायला. २०१९ ची सापडली. ग्रामपंचायतीचा जांभळा शिक्का, आणि पाठीमागे निळ्या पेनाने एक मोबाईल नंबर. आमच्या वॉर्डातले सदस्य होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पावती देताना लिहून दिला होता: रात्री-अपरात्री पाणी गेलं तर लावा.

परवा लावून बघितला. लागला.

"कोण, सचिवताई? बरं आहे ना सगळं?" मग थोडा वेळ गेला. "आता माझ्या हातात काय राहिलंय बाई. आता तुमचं सगळं ऑनलाइन." मी म्हटलं, तात्या, काही काम नाही, सहज केला. मग तब्येतीची, नातवंडांची चौकशी झाली. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "एक विचारू का? ती मेन व्हॉल्व्हची किल्ली अजून माझ्याच घरी आहे. खुंटीला. पाच वर्षं झाली. कुणी मागायलाच आलं नाही. ती द्यायची कुणाला?"

आपली,
सचिव, एक सोसायटी
सिंहगड रस्ता, पुणे